आगमनकाळ आणि मराठी ख्रिस्ती मंडळी : वाट पाहण्याचा एक इतिहास

महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात एक विसंगती आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. या समाजाचा सर्वांत मोठा सण कोणता, असे विचारले असता कोणीही नाताळ हेच नाव घेईल. त्याआधीचे चार रविवार, ज्यांना मराठी मंडळ्या 'आगमनकाळ' म्हणतात, हे आज बहुतेक उपासनामंदिरांत गीतांनी, भजनांनी व मेणबत्त्यांनी पाळले जातात. परंतु ज्या मिशनऱ्यांनी या समाजाची पायाभरणी केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या पितृगृही नाताळ साजराच होत नव्हता. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे पहिले प्रतिनिधी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ते न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटन परंपरेचे वारस होते. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठोठावणारा कायदा केला होता. तो १६८१ मध्ये रद्द झाला, तरी जनमानसातील नावड पुढे दीडशे वर्षे टिकली. त्या राज्यात नाताळला कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. कोकणात बाणकोट येथे १८२३ मध्ये कार्य सुरू करणारे स्कॉटिश मिशनरी आणि १८२९ मध्ये मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन यांची परंपराही या बाबतीत वेगळी नव्हती. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, गुरूंनी जो सण शिकवला नाही तो शिष्यांनी एवढ्या आपलेपणाने कोठून आणला? त्यात त्यांना कोणता आध्यात्मिक अर्थ सापडला? 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' हे या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

'आगमन' या शब्दाचा प्रवास

आगमनकाळाचा प्राचीन इतिहास थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. २५ डिसेंबर ही तारीख ख्रिस्तजन्माशी जोडणारा सर्वांत जुना निश्चित उल्लेख रोममध्ये इ. स. ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संकलनात आढळतो. सणापूर्वीच्या तयारीचा काळ त्यानंतरचा. गॉल प्रांतात तो उपवासाचा काळ होता व ११ नोव्हेंबर या संत मार्टिनच्या दिवसापासून सुरू होई. रोममध्ये तो पुढे चार रविवारांवर स्थिरावला. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला रविवार, हा नियम पाश्चात्त्य मंडळ्यांत आजही चालतो. 'आद्वेंतुस' या लॅटिन शब्दाचा मूळ वापर मात्र राजदरबारी आहे. सम्राटाचे नगरात जे समारंभपूर्वक आगमन होई त्यास हा शब्द लावीत. तो गोठ्यात जन्मलेल्या बालकाला लावण्यातील धाडस त्या काळच्या श्रोत्यांना जाणवले नसेल असे म्हणता येत नाही.

मराठीत या कल्पनेने प्रवेश केला तो अमेरिकन मिशनच्या दोनशे वर्षे आधी, आणि तोही ओवीच्या रूपाने. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ 'येशू ख्रिस्त आपला तारणारा याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण' असा आहे. म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य कवीच्या स्वतःच्या नामकरणानुसार आगमनाचे काव्य ठरते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पैले पुराण' सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत येते, 'दुसरे पुराण' ख्रिस्तचरित्र सांगते. वाचकाला ख्रिस्तजन्मापर्यंत पोहोचण्यासाठी छत्तीस अवस्वरू, म्हणजे अध्याय, वाट पाहावी लागते. ही रचना केवळ बायबलचा क्रम पाळण्यासाठी झाली असे मानण्याचे कारण नाही. ग्रंथारंभी स्टीफन्स यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. साष्टीतील एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांच्याकडे तक्रार केली की, आमची जुनी पुराणे बंद झाली, त्यांच्या जागी वाचावे असे आम्हांला काहीतरी द्या. जुनी पुराणे का बंद झाली, हे सोळाव्या शतकातील गोव्याचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको. त्या बळजबरीवर ख्रिस्तपुराणाच्या काव्यगुणांचे पांघरूण घालता येत नाही. परंतु त्या ब्राह्मणाच्या मागणीत नव्या धर्मसमाजाची जी पहिली गरज उघड होते ती सिद्धान्ताची नव्हती. वर्षाचे दिवस कशाने भरावेत, संध्याकाळी एकत्र बसून काय ऐकावे, ही होती.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढल्यावरही हा ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने टिकला. १९०७ मध्ये जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरला त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये प्रा. शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. मधल्या काळात घाटावरच्या मराठी मुलखात त्याचा मागमूस नव्हता. तेथे पोहोचला तो एक शब्द. पोर्तुगीज 'नाताल' मराठीत 'नाताळ' झाला आणि इतका मुरला, की इंग्रजी राज्यात, इंग्रजी भाषिक मिशनऱ्यांच्या सहवासातही 'ख्रिसमस' त्याला हटवू शकला नाही.

सण सुटलेल्यांचा सण

अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे ठाणे उघडले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यातील खेड्यांतून ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजातील कुटुंबांची संख्या मोठी होती. पुढे मांग समाजातील कुटुंबेही आली. या धर्मांतराची कारणमीमांसा शिक्षण, दुष्काळ, प्रतिष्ठा, श्रद्धा अशा अनेक अंगांनी झाली आहे. त्याने दैनंदिन कालगणनेत घडवलेला बदल मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

गावगाड्यात सण हा केवळ आनंदाचा विषय नव्हता. होळीत, पोळ्यात, जत्रेत पूर्वास्पृश्य जातींची कामे ठरलेली होती, आणि कामांबरोबर थोडे मानही ठरलेले होते. वाजंत्री कोणी वाजवायची, सणाचे अन्न कोणाच्या ओटीत कसे पडायचे, हे सारे रूढीने बांधलेले. त्यात अपमान होता हे खरे. पण त्यात गावाच्या वर्षचक्रातील एक जागाही होती. बाप्तिस्मा घेणाऱ्याने मूर्तिपूजेशी जोडलेली कामे सोडावीत असा मिशनचा आग्रह असे. ती सुटली की अपमान सुटे आणि जागाही सुटे. बदल्यात मिळे तो रविवार. प्युरिटन विचारानुसार प्रत्येक रविवार हाच प्रभूचा सण असल्याने निराळ्या सणाची आवश्यकता नव्हती. तर्क निर्दोष आहे. परंतु आठवड्याचा बाजार ज्या वारी भरेल त्या वारी कामाला खळ पडणाऱ्या खेड्यात बावन्न सारखे रविवार म्हणजे वर्षाला चढउतार नसणे. दिवाळीत साऱ्या आळीत दिवे लागत आणि या चार घरांत नेहमीचीच समई किंवा चिमणी. मुलांना याचे उत्तर काय द्यायचे, हा प्रश्न आईबापांपुढे होता. मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारातील कोणत्याही ईश्वरविद्याविषयक वादापेक्षा तो कमी महत्त्वाचा मानता येणार नाही.

नाताळने ही पोकळी भरली. अमेरिकेतच विचार पालटू लागले होते, मिशनच्या शाळांतून मुलांचे कार्यक्रम होऊ लागले होते, हे त्याचे बाह्य निमित्त. दरम्यान 'नाताळ' शब्दाला मराठी समाजात एक धर्मातीत अर्थही आलेला होता, तो म्हणजे साहेबाची सुट्टी. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले ते याच दिवसांत. महाड येथे मनुस्मृतिदहन झाले तेही १९२७ च्या २५ डिसेंबरला. सुशिक्षित मराठी माणसाच्या दृष्टीने नाताळ म्हणजे परिषदांचा आठवडा. ख्रिस्ती खेडुताला मात्र या सुट्टीचा उपयोग नव्हता. त्याने सण घडवला तो हाताशी असलेल्या साहित्यातून. बाजरी घरात आलेली, रब्बीची पेरणी आटोपलेली, थंडी पडू लागलेली. अशा वेळी दारावर ताऱ्याचा आकाशकंदील, घरात करंजी, शंकरपाळे, चकली आणि रात्री टाळ-मृदंगावर भजन. यास 'दिवाळीची नक्कल' म्हणणारे ख्रिस्ती टीकाकार होते आणि 'परक्यांचा सण' म्हणणारे हिंदू शेजारीही होते. दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, याची कोणी दखल घेतलेली दिसत नाही.

येथे 'मंडळी' या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. चर्च या कल्पनेसाठी मराठी प्रोटेस्टंटांनी हा शब्द रूढ केला. मराठीत मंडळी म्हणजे घरची माणसे, पंगतीला बसलेले लोक. 'आमची मंडळी' म्हणजे तर पत्नीदेखील. इमारत, अधिकारी किंवा संस्था यांपैकी कशाचाच बोध या शब्दातून प्रथम होत नाही. घरच्यांनी ज्यांना टाकले आणि गावाने ज्यांना बाजूला ठेवले त्यांच्या दृष्टीने हे नाव अचूक होते. आगमनकाळात ही मंडळी घरोघर गीते गात फिरते तेव्हा शब्दाचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो.

गव्हाण, बाळंते, उतारशाळा

लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथेचे मराठी रूप हे या सणाच्या अर्थाचे मुख्य आधारस्थान आहे. त्या कथेतील काही शब्द पाहावेत. शिरगणतीसाठी 'नावनिशी', बालक गुंडाळावयाचे ते 'बाळंते', ठेवावयाचे ती 'गव्हाण', आणि जेथे जागा मिळाली नाही ती 'उतारशाळा'. यांतील एकही शब्द ग्रंथालयात जन्मलेला नाही. नावनिशी हा पाटील-कुलकर्ण्याच्या दप्तरातला, बाळंते हा सुइणीच्या तोंडचा, गव्हाण ही प्रत्येक गोठ्यातली. रात्री रानात मेंढरे राखणारे मेंढपाळ पाहण्यासाठी नगर, पुणे, सोलापूर भागातील श्रोत्यास कल्पनाशक्ती लागत नाही. पिके निघाल्यावर धनगरांचे वाडे शेतात बसतात ते त्याने दर वर्षी पाहिलेले असतात. युरोपीय चित्रकारांना हे दृश्य रंगवावे लागले. येथे ते बांधावर होते.

आणि मग ती 'जागा नसणे'. धर्मशाळेच्या ओसरीवर, पाणवठ्यावर, चावडीच्या पायरीवर आपल्याला जागा नाही हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या अनुभवले, त्यांना या वाक्याचे भाष्य करून सांगण्याची गरज नव्हती. आगमनकाळाच्या वाचनांत यशयाची आश्वासने येतात, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा कठोर इशारा येतो, आणि शेवटी मरियेचे स्तोत्र येते. त्यात दीनांना उंच करणाऱ्या व अधिपतींना आसनांवरून खाली ओढणाऱ्या देवाचे गुणगान आहे. बहुतेक युरोपीय मंदिरांत हे स्तोत्र सुरेल संगीतात विरघळून गेले. वाड्याबाहेरच्या वस्तीत ते गायले जाते तेव्हा त्याचे शब्द ऐकू येतात. आगमनकाळ दोन आगमनांची वाट पाहतो, एक होऊन गेलेले व एक व्हावयाचे. या शिकवणीतील दुसरे अंग, म्हणजे न्याय अजून यावयाचा आहे ही जाणीव, या मंडळ्यांनी अधिक गांभीर्याने धरली असे माझे मत आहे.

अर्थात मंडळीत आल्याने जात संपली असे नाही. ती लग्नसंबंधांत राहिली, नेतृत्वात राहिली. राज्यसंस्थेनेही तिची आठवण वेगळ्या रीतीने जागती ठेवली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध तीत समाविष्ट झाले, ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे ज्या कुटुंबांची कागदोपत्री ओळख एक व उपासना दुसरी, अशांच्या दारावर टांगलेला तारा ही निव्वळ शोभेची वस्तू राहत नाही. तो टांगायचा की नाही, हा डिसेंबर महिन्यातला खरा आध्यात्मिक प्रश्न असतो.

टिळक आणि प्रतीक्षेची भाषा

या सणाला मराठी कंठ देण्याच्या कार्यात अनेकांचा वाटा आहे. नगरचे कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी कीर्तनपरंपरा ख्रिस्ती कथेसाठी वापरली. परंतु निर्णायक नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांनी जे पाहिले ते असे : मराठी माणसे इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गीते गात होती. त्यांनी अभंग, ओवी व भजनाच्या वळणाची विपुल रचना केली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचे स्थान आजही अढळ आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भूमिका होती.

त्या सेतूवरून आणखीही काही आले. वारकरी संतांच्या वाङ्मयात वाट पाहणे ही भक्तीची एक मुख्य अवस्था आहे. डोळे वाटेकडे लावून बसलेला भक्त, माहेरच्या निरोपाची आस धरलेली सासुरवाशीण, ही रूपके मराठी मनास उपजत परिचित. आगमनकाळाची कल्पना समजावून देण्यासाठी टिळकांना नवे रूपक शोधावे लागले नाही. फरक मात्र लक्षणीय आहे. पंढरीचा विठ्ठल विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो आणि भक्त चालत जातो. आगमनकाळात भक्त जागच्या जागी थांबतो आणि देव चालत येतो. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाण्याची मुभा नव्हती त्यांना या दुसऱ्या दिशेचे महत्त्व किती वाटले असेल, याचा विचार व्हावा.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांनी विरहात काढली, त्यांतील काही काळ पंढरपुरात. पुढे १९०० मध्ये राहुरीस त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून पुरा केला. ज्या स्त्रीला अक्षरओळख पतीने लग्नानंतर करून दिली, तिच्याकडून हे घडावे ही मराठी वाङ्मयेतिहासातील असाधारण घटना आहे.

पंचहौद, वसई, नागपूर

आगमनकाळाचे विधिबद्ध पंचांग मराठी प्रोटेस्टंटांत आले ते अँग्लिकन मार्गाने. पुण्यात काऊली फादर्सनी उभारलेले पंचहौदाचे पवित्र नाम देवालय १८८५ चे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस हे स्थळ १८९० च्या चहा-प्रकरणाने ठाऊक असते. लोकमान्य व रानडे यांच्यावर आलेले ग्रामण्य एवढीच त्याची ओळख राहावी हे खेदजनक आहे. तेथे मराठी मंडळी प्रार्थनापुस्तकानुसार आगमनकाळ पाळीत असे. त्या पुस्तकात पहिल्या रविवारची संक्षिप्त प्रार्थना नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणावी असा नियम आहे. एकच वाक्य तीन-चार आठवडे रोज उच्चारणे ही साधना नामस्मरण जाणणाऱ्या समाजास अवघड नव्हती. १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापणारे जे. सी. विन्स्लो यांनी पुढे उपासनेस भारतीय वळण देण्याचा प्रयत्न केला आणि टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. चार मेणबत्त्यांचे चक्र त्या मानाने अलीकडचे. हँबुर्ग येथे अनाथ व निराधार मुलांचा आश्रम चालवणारे योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये, नाताळला किती दिवस उरले हे मुलांना कळावे म्हणून, गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तेथून ते जगभर पसरले.

वसईची वाट निराळी. तेथील कॅथलिक समाज पोर्तुगीज अमदानीतला (१५३४-१७३९). चिमाजी अप्पांच्या विजयानंतरही तो टिकला. नाताळचे गोठे, गाणी व पक्वान्ने बोलीभाषेतून चालत आली, वेदीवरची मिस्सा मात्र लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी, आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला व लोकभाषेचा मार्ग मोकळा झाला. 'सुवार्ता' मासिकाच्या द्वारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या मराठीपणाला जो सार्वजनिक आवाज दिला, त्याची परिणती २०२० मधील उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदात झालेली सर्वांनी पाहिली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन १९२४ मध्ये एका संघात आल्या होत्या. त्यांचे अँग्लिकन व इतर पंथांशी ऐक्य होऊन नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाली. तो रविवार होता, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार होता. नाताळला दंड लावणाऱ्यांचे वारस आणि आगमनकाळाची प्रार्थना रोज म्हणणारे असे दोन्ही प्रवाह त्या दिवशी एका मांडवात उभे होते.

२०२० मध्ये या घटनेस पन्नास वर्षे झाली, तेव्हा २९ नोव्हेंबर पुन्हा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे महामारीमुळे मार्चपासून बंद होती. ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली होती. त्या वर्षी नाताळच्या उपासनेस पन्नासांहून अधिक माणसांनी जमू नये असे शासनाचे निर्देश होते, आणि महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी असल्याने मध्यरात्रीची उपासना संध्याकाळीच आटोपावी लागली. तारे मात्र दारोदार नेहमीप्रमाणे लागले.